ॲप्रिसिटी नावाचा गहू

शब्दाला मरण नसतं. माणसं जातात, राज्यं जातात, शब्द तेवढा राहतो. हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. बहुतेक वेळा मंचावरून, आणि बहुतेक वेळा गळ्यात हार असलेल्या, पुढच्या गावच्या कार्यक्रमाला उशीर होत असलेल्या माणसाकडून. आमच्या इंग्रजीच्या सरांकडे मात्र एक जाडजूड इंग्रजी कोश होता आणि त्यात मेलेल्या शब्दांवर खूण केलेली होती. शब्दाच्या आधी एक छोटासा खंजीर छापलेला असे. खंजीर दिसला की हा शब्द आता कुणी बोलत नाही असं समजायचं. कोश उघडावा तर पानोपानी खंजीर.

ही एक्क्याऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. मी कुंभार पिंपळगावात शाळेत होतो. सरांचं स्वतःचं शिक्षण हैदराबाद संस्थानात, उर्दूतून झालेलं. इंग्रजी शब्दाचा अर्थ त्यांना आधी उर्दूत आठवायचा, मग मराठीत. मधे क्षणभर ते छताकडे बघायचे. कोश त्यांना कुठल्याशा जुन्या शाळेचं ग्रंथालय मोडीत निघालं तेव्हा मिळालेला होता. शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती. त्यामुळे झेड या अक्षरानं सुरू होणारं इंग्रजी, झेब्रा सोडता, आमच्या गावापर्यंत पोचलंच नाही.

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास सरांचा. धडा संपला की ते पुस्तक मिटायचे आणि एक खंजीरवाला शब्द सांगायचे. शब्द आधी सांगत नसत. आधी अर्थ सांगायचे, आणि आपल्याकडे याला काय म्हणतात ते विचारायचे.

"कुणी जेवायला बसलं, की समोर उभं राहायचं. बोलायचं काहीच न्हाई. नुसतं घासाकडं बघत राहायचं, काही मिळंल म्हणून. काय म्हणतात याला?"

"कुत्रं, सर," मागच्या बाकावरून उत्तर आलं.

"कुत्रं न्हाई रे लेका. त्या करण्याला काय म्हणतात?"

"मंग पाव्हणा."

वर्ग हसून मोकळा होईपर्यंत सर थांबले. मग फळ्यावर त्यांनी 'ग्रोक' असा शब्द लिहिला. "स्कॉटलंडकडचा आहे. तिकडं बी कुत्री अन् पाव्हणे असतेत."

दुसऱ्या एका शनिवारी 'ओव्हरमॉरो' आला. म्हणजे परवा. सरांना या शब्दाचं फार वाईट वाटायचं. "इंग्रजांनी अर्ध्या जगावर राज्य केलं, पण त्यांना परवा सांभाळता आला न्हाई. टाकून दिला. आता बिचारे चार शब्द जोडून सांगतेत. आपल्याकडं बघा, परवा आहे, तेरवा आहे. काम मात्र त्याच्याबी पुढं जातं." मग 'वेलेइटी'. एखादी गोष्ट व्हावी असं वाटतं, पण उठून ती करावी इतकं वाटत नाही, त्या इच्छेला वेलेइटी म्हणायचं. या शब्दावर खंजीर नव्हता, पण सरांच्या मते त्याची तब्येत बरी नव्हती. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं पुढचं आयुष्य या एका शब्दात मावलं, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

आणि 'अल्ट्राक्रेपिडेरियन'. ज्या विषयातलं आपल्याला कळत नाही त्यावर ठासून बोलणारा माणूस. "शब्द लांब आहे," सर म्हणाले, "कारण ही माणसं लांब बोलतात." त्याच वर्षी स्नेहसंमेलनाला आलेल्या पाहुण्यांनी शिक्षण, जमिनीचा कस आणि चंद्रावरची हवा या तिन्हींवर भाषण केलं. आम्ही पोरं खाली सतरंजीवर बसलो होतो. तो शब्द म्हणणं कुणाला जमणार नव्हतं, म्हणून शेजाऱ्याला फक्त कोपर मारायचं असं ठरलं. संमेलन संपलं तेव्हा सगळ्यांच्या बरगड्या दुखत होत्या. पाहुण्यांना वाटलं, पोरं भाषणानं हलून गेली.

परीक्षेला यातलं काहीच येत नसे. तशी कुणाची तक्रारही नव्हती.

नंतर मी औरंगाबादेला कॉलेज केलं, बरंच वाचलं, त्या वाचण्याचा नोकरीला काही उपयोग होत नाही हे समजल्यावर परत आलो आणि नव्वदच्या पुढे नवीन जालन्यात एका लहानशा बियाणे कंपनीत लागलो. पिशव्यांवर आणि पत्रकांवर काय छापायचं ते लिहिणं हे माझं काम. 'भरघोस उत्पन्न' हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिले की त्यांच्या आधी खंजीर छापावा असं मलाच वाटू लागलं.

सर तोपर्यंत निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले होते. मुलाचं घर आमच्या गोदामामागच्या गल्लीत होतं आणि त्या घराला ऊन येत नसे. हिवाळ्यात सकाळी सर मफलर गुंडाळून, वर्तमानपत्र घेऊन आमच्या ऑफिससमोर यायचे. मी एक खुर्ची बाहेर काढून ठेवायचो. ऊन सरकलं की सर खुर्ची सरकवायचे. दहा-साडेदहापर्यंत ते रस्त्याच्या कडेपर्यंत पोचलेले असत आणि ऑटोवाले त्यांना वळसा घालून जात.

तिथं बसून ते एकदा म्हणाले, "मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांपैकी एक तरी, घाईत असताना, त्यातला एक तरी शब्द बोलत असंल का रे?"

"ट्रॅक्टर म्हणतात सर. डिझेल म्हणतात. विजेची डीपी जळाली म्हणतात."

"ते मी न्हाई शिकवलं. ते कंपन्यांनी शिकवलं."

 कंपनीच्या वाटेनं जायचं सरांना बहुतेक त्याच वेळी सुचलं.

कंपनीचा एक नवा गहू त्या वर्षी बाजारात यायचा होता. आमचे शेठ स्वभावानं सावध. वाणाला नाव इंग्रजीच पाहिजे, हा त्यांचा नियम होता. "मराठी नाव ठेवलं का लोक म्हणतेत, हे तर घरचंच बी आहे, पैसे कशाला द्यायचे?" पण गोल्ड, सुपर, किंग ही सगळी नावं बाजारात आधीच घासून गुळगुळीत झाली होती. शेठनी मला दोन दिवस दिले. मी बाहेर जाऊन सरांना विचारलं.

सरांनी छताकडे बघितलं. वर छत नव्हतं, आभाळ होतं.

"ॲप्रिसिटी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"हे," असं म्हणून त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवले. तळव्यांवर ऊन पडलं होतं. "थंडीत उन्हाची ऊब लागते ना, ती. नुसतं ऊन न्हाई, थंडी बी पाहिजे. दोन्ही मिळून."

मी विचारलं, हा शब्द कुणी वापरला होता?  साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांपूर्वी एका कोशकारानं तो आपल्या कोशात घेतला, पुढच्या कोशकारांनी त्याच्याकडून उचलला, एवढंच ते सांगू शकले. कुणी कुणाला बोलता बोलता ॲप्रिसिटी म्हटल्याचं त्यांना कुठं सापडलं नव्हतं.

"म्हणजे तो मेला पण नाही सर. तो जन्मलाच नव्हता."

"म्हणून तर," सर म्हणाले. "एकदा कुणीतरी म्हटलं पाहिजे. भाषणात न्हाई. घाईत, काहीतरी मागताना. दोन पिशव्या ॲप्रिसिटी द्या, जल्दी करा, टेम्पो थांबलाय. असं कुणी म्हणलं का झाला शब्द जिता. मंग पुढं कुणी विसरलं तरी चालंल."

त्यांचा आवाज हे सांगताना बदलला होता. नातवाच्या बारशालाही मी त्यांना इतक्या आशेनं बोलताना पाहिलं नव्हतं.

शेठनी सरांना आत बोलावलं, चहा सांगितला आणि शब्द दोनदा म्हणून पाहिला.

"सर, हे लोकाला म्हणायला जमंल का?"

"लोक ट्रान्सफार्मर म्हणतेत. हायकोर्ट म्हणतेत. फवाऱ्याच्या औषधांची नावं तर मला बी म्हणता येत न्हाईत."

"ते तर बराबर. पण याचा अर्थ काय सांगायचा लोकाला?"

"थंडीतलं ऊन. रब्बीच्या गव्हाला दुसरं काय लागतं शेठ?"

शेठना हे पटलं. अर्थ चांगला, शब्द इंग्रजी आणि दुसऱ्या कुठल्या कंपनीनं घेतलेला असण्याची बिलकुल शक्यता नाही, या तिन्ही गोष्टी त्यांनी बोटांवर मोजल्या आणि होकार दिला. बाहेर पडता पडता सर दारात थांबले.

"शेठ, एक विनंती. नावाखाली मोठा सूर्य छापा. म्हणजे न वाचणाऱ्याला बी अर्थ कळंल."

पिशवी मीच करून घेतली. पांढऱ्या पिशवीवर वर इंग्रजीत आणि खाली देवनागरीत 'ॲप्रिसिटी', आणि त्याखाली पिवळाजर्द, भरपूर किरणांचा सूर्य. नमुना आला तेव्हा सरांनी तो उन्हात धरून पाहिला. अक्षरांवरून बोट फिरवलं. शिक्षकाच्या सवयीनं स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं. नंतर कितीतरी दिवस ते ऑफिससमोरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला थांबवून पिशवी दाखवत. माणसं म्हणत, "वा, सूर्य मस्त आलाय."

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं आता वाटतं. पण कळून मी काय करणार होतो?

दिवाळी झाली. पेरण्या सुरू होणार होत्या. मी पत्रकं पोचवायला कुंभार पिंपळगावच्या बाजाराला निघालो, तेव्हा सर टेम्पोत पुढच्या सीटवर येऊन बसलेले होते. धुतलेला शर्ट, मफलर, पायात बूट. तिथल्या बी-खताच्या दुकानाचा मालक सरांचाच विद्यार्थी. त्यानं गल्ला सोडून बाहेर येऊन सरांच्या पाया पडून घेतलं, खुर्ची पुसली आणि ती दुकानाच्या दारात, पिशव्यांच्या थप्पीशेजारी मांडली. सर तिथं बसले. आपण कशासाठी आलो आहोत हे त्यांनी दुकानदाराला सांगितलं नाही. ते फक्त ऐकायला आले होते.

पहिलं गिऱ्हाईक आलं. "दादा, सूर्याच्या दोन टाका."

दुसरं आलं. "त्या सूर्यवाल्याचा भाव काय?"

तिसऱ्यानं तोंडानं काही सांगितलंच नाही. तो थप्पीपाशी गेला, सूर्यावर हात ठेवला आणि तीन बोटं दाखवली.

आमच्या भागात बियाण्याची पिशवी चित्रावरून ओळखतात, ही काही मला नवी गोष्ट नव्हती. मोराचं बी, बैलजोडीचं बी, बाईच्या फोटोचं बी. पिशवीवरचं नाव हे कंपनीनं स्वतःच्या समाधानासाठी छापलेलं असतं, लग्नपत्रिकेवरच्या प्रेषकांच्या यादीसारखं. सरांनाही हे ठाऊक असणार. नोकरीची सगळी वर्षं ते याच गावात राहिले होते. पण मास्तरला आपल्या शब्दाबद्दल वाटतं तसं त्यांना वाटलं होतं, की हा वेगळा निघेल.

दुपार होत आली तसे सरांचे जुने विद्यार्थी येऊ लागले. कुणाच्या मिशा पिकल्या होत्या. एक जण पाया पडून म्हणाला, "सर, तुम्ही एक शब्द शिकवला व्हता. ते जेवणाऱ्याच्या ताटाकडं बघत उभं राहायचं. आमच्या घरी कुत्रं आलं का मला तुमची आठवण येते."

"शब्द काय व्हता?" सरांनी विचारलं. ते खुर्चीत थोडे पुढे सरकले.

तो हसला. "ते कुठलं आता. अर्थ तेवढा ध्यानात आहे." मग आत वळून दुकानदाराला म्हणाला, "सूर्याच्या चार दे रे."

दुकानदार हुशार होता. सकाळपासून सर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत आहेत हे त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि पिशवीचं नाव सरांनी ठेवलं आहे हे मी मघाशी बोलता बोलता त्याला सांगून बसलो होतो. त्यानं त्या माणसाला अडवलं.

"अशी न्हाई मिळायची पिशवी. आधी नाव घे. सरांनी ठेवलंय."

"कुणाचं नाव?"

"गव्हाचं. लिव्हलंय बघ वर. वाच."

त्यानं पिशवीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि कानाची पाळी धरून म्हणाला, "आयला, दोन लेकरांचा बाप झालो, आता नाव घ्यायला लावून राह्यलेत! सर, वर्गात उभं केलं तवा बी मला येत नव्हतं, आता कुठून येईल?"

दुकानातली सगळी माणसं हसली. सरही हसले. त्यांनी हात उंचावून दुकानदाराला सांगितलं, "दे त्याला. जाऊ दे. टेम्पो थांबला असंल त्याचा." आणि त्यानंतर त्यांनी ऐकणं सोडून दिलं. बाजार उठेपर्यंत ते गावातल्या कुणाचं काय झालं याची चौकशी करत राहिले.

गहू मात्र चांगला खपला. दुकानातली थप्पी संपली आणि दुकानदारानं फोन करून आणखी माल मागवला. फोनवर तो शेठना काय म्हणाला ते मी शेजारीच उभं राहून ऐकलं. "सूर्याच्या पाठवा."

परत येताना टेम्पोत सर खिडकीतून बघत होते. बाहेर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. मग ते म्हणाले, "सूर्य मीच छापायला लावला."

मी त्यांच्याकडे वळलो.

"अर्थ समोर मांडून ठेवला. मंग शब्दाची गरज कुणाला? तीस वर्षं शाळेत तेच केलं मी. आधी अर्थ, मंग शब्द. अर्थ घेऊन पोरं घरी जायची. शब्द फळ्यावर राहायचा, सोमवारी पुसला जायचा. नुसतं नाव छापलं असतं तर घ्यावं लागलं असतं त्यांना."

त्यांना बरं वाटेल असं काही सांगावं, असं मला वाटलं. पण सरांना खोटं लगेच ओळखू यायचं. म्हणून मी खरं तेच सांगितलं. "नसतं घेतलं सर. मग पांढरी पिशवी म्हणाले असते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "हं," ते म्हणाले. "बराबर." आणि डोळे मिटून घेतले. खिडकीतून उतरतं ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. थंडी वाजत असणार, कारण मफलर त्यांनी कानापर्यंत ओढून घेतला होता. या घटकेला लागू पडणारा शब्द आम्हा दोघांनाही येत होता. दोघांपैकी कुणी तो म्हटला नाही.

त्या हिवाळ्यात ते ऑफिससमोर आले, पण रोज नाही. आले तरी गव्हाचा विषय काढत नसत. एखादं गिऱ्हाईक दारात येऊन सूर्याची चौकशी करू लागलं, तर ते वर्तमानपत्र जरा वर धरायचे. कोश त्यांनी मला देऊन टाकला. "तुला लागंल," म्हणाले. मला तो पुढे फारसा लागला नाही. घरी कपाटावर आहे. अधूनमधून काढतो, धूळ झटकतो, एखादा खंजीरवाला शब्द वाचतो आणि अर्थ आवडला तर बायकोला सांगतो. ती म्हणते, छान आहे. शब्द विचारत नाही.

मीही सरांचा तो गव्हाचा शब्द बोलत नाही. थंडीच्या दिवसांत गच्चीवर पाठ शेकत बसतो, खालून कुणी काय चाललंय विचारलं तर "ऊन खातोय" म्हणतो. दोन शब्द आहेत, पण चालू आहेत. सरांना त्यांचा शब्द एकदा, घाईत, काहीतरी मागणाऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता. एकदाच. जगात यापेक्षा लहान मागणं मी फारसं ऐकलेलं नाही, आणि लहान होतं म्हणून ते पुरं व्हायला हवं होतं असं मला अजून वाटतं. तसं काही नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. रब्बीच्या आधी पिशव्यांची नवी छपाई करायची होती, तेव्हा शेठनी नमुना टेबलावर पसरला आणि वरच्या अक्षरांमुळे जागा फुकट जाते असं त्यांचं मत पडलं. पिशवीवरून नाव काढलं आणि सूर्य मोठा केला. तोंडाशी शिवायच्या लेबलवर वाणाचं नाव कायद्यानं लागतं, म्हणून तिथं ते बारीक टायपात राहिलं. विक्रीत काही फरक पडला नाही.